पीस कुणाच्या ताटात?



रविवारी वस्तीतल्या बऱ्याच घरी कोंबडीचा रस्सा होतो. एका किलोत सात-आठ माणसं भागतात. पीस आधी घरच्या कर्त्याच्या ताटात पडतात, मग पोरांच्या. सासू आणि सून शेवटी बसतात. त्यांच्या वाट्याला तर्री, एखादं हाड आणि भाकर. हे कुणी मुद्दाम करत नाही, तशी सवयच पडली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. रक्त कमी असण्याची कारणं अनेक आहेत, पण ताटात काय पडतं हे त्यातलं एक मोठं कारण आहे.

दुसरीकडे पोरांना बर्गर हवा असतो. खामगाव, चिखली, मलकापूर, कुठेही जा, बर्गरची गाडी दिसते. मैद्याचा पाव, तळलेली बटाट्याची टिक्की आणि वर मेयोनीज. पोट भरतं, पण अंगाला लागेल असं त्यात फार कमी. परदेशात अनेक घरी टर्की या मोठ्या पक्ष्याच्या खिम्याचा बर्गर करतात. सालीशिवायच्या मांसात चरबी कमी आणि प्रथिनं भरपूर, म्हणून. आपल्या बाजारात टर्की मिळत नाही, कोंबडी मिळते. तिचं काम तीच करते.

म्हणून माझं म्हणणं असं : महिन्यातले दोन रविवार रस्सा बाजूला ठेवा आणि खिम्याची टिक्की करा. पोरांची हौस भागेल. दुसरं कारण जास्त मोलाचं आहे. रस्सा वाढणाऱ्याच्या पळीवर असतो, टिक्की मोजता येते.

अर्धा किलो बिनहाडाची, साल काढलेली कोंबडी घ्या आणि खिमा डोळ्यांसमोर करून घ्या. त्यात दोन-तीन कलेज्या बारीक चिरून घाला. कोंबडीच्या मांसापेक्षा कलेजीत लोह कितीतरी जास्त असतं आणि ती स्वस्तही मिळते. (गरोदर बाईने कलेजी खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.) वाटीभर सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, वाटून मिसळा. लोणार-मेहकरकडे शिवारं सोयाबीनने भरलेली असतात, ते पिकवायला आपणच राबतो, पण आपल्या ताटात सोयाबीन क्वचित येतं. कोरड्या वड्यांच्या वजनात निम्मी प्रथिनं असतात. कमी कोंबडीत जास्त माणसं भागवायची असतील तर हाच मार्ग.

वरून बारीक कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरेपूड, तिखट, बेताचं मीठ आणि दोन चमचे भाजलेलं बेसन घाला. चरबी कमी असली की खिमा कोरडा पडतो. भिजलेल्या वड्या आणि कांदा त्याला ओलावा देतात. बोटभर जाडीच्या दहा टिक्क्या थापा, मधे अंगठ्याने किंचित दाबा, म्हणजे फुगणार नाहीत. तव्यावर चमचाभर तेल टाकून, झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. उलथन्याने दाबू नका, रस निघून जातो. एक मोडून पाहा. आत गुलाबी दिसली तर अजून भाजा, कच्ची कोंबडी पोट बिघडवते. खिमा लवकर नासतो, त्यामुळे आणला त्याच दिवशी करा आणि संपवा.

मेयोनीजच्या जागी दह्यात कालवलेली जवसाची चटणी लावा. पावाऐवजी ज्वारीची ऊन भाकर दुमडून घ्या, सोबत कांदा-काकडी. वरून लिंबू जरूर पिळा, अन्नातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो.

कुणी म्हणेल, एवढ्याने रक्त भरेल का? एवढ्याने नाही. तपासणी करावी लागेल, सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्या लागतील. पण गोळी घेणाऱ्या बाईच्या पोटात धड जेवणही हवं.

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. ते माप आपल्या चुलीलाही लावू या. दहा टिक्क्या झाल्या तर आधी माणसं मोजा, मग वाढा. आणि घरात जी रोज शेवटी जेवते, तिच्या ताटात पहिली टिक्की ठेवा.