पाचवीची उजळणी
महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आणि घरोघरी गणिताच्या उजळणीला जोर चढला. पण उजळणी म्हणजे पानेच्या पाने गणिते, हे मला पटत नाही. एकच भागाकार घालून पाहा : ६१८ भागिले ६. पुष्कळ मुले १३ लिहून मोकळी होतात. दशकस्थानचा १ सहाला पुरत नाही, तिथे शून्य मांडायचे राहून जाते. हेच शून्य पुढे दशांश अपूर्णांकांत नडते आणि ‘याला गणित येतच नाही’ असा शिक्का बसतो. लाल फुली मारू नका. तेराला सहाने गुणायला सांगा. (पाढे मात्र पाठ हवेतच!) उत्तर ७८ आले, की मूल आपणच थबकते आणि खोडरबर शोधू लागते.