दोन स्मारकें आणि एक ओंजळ

शाळेच्या इतिहासपुस्तकांत चौरीचौरा हें नांव एकाच वाक्यापुरतें येतें : जमावानें पोलीस-ठाणें जाळलें आणि महात्माजींनीं असहकार थांबविला. मुलें तें पाठ करितात, परीक्षक त्यास गुण देतो. परंतु त्या ठाण्यांत कोण होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. या महिन्यांत आपण तेंच विचारूं.

गोरखपूर जिल्ह्यांत चौरी व चौरा अशीं दोन खेडीं. रेल्वे-स्टेशनानें त्यांचें नांव एक केलें. तेथील ठाण्याचे मुख्य फौजदार गुप्तेश्वरसिंह हे होत. १९२२ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं जवळच्या मुंडेरा बाजारांत स्वयंसेवकांचें पिकेटिंग चालू असतां भगवान अहीर नांवाच्या एका पेन्शनर शिपायास त्यांनीं मारहाण केली. ही गोष्ट झांकून त्यांचें स्मरण करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

४ फेब्रुवारी रोजीं याचाच जाब घेत मोठा जमाव ठाण्यावरून निघाला. पोलिसांनीं प्रथम हवेंत बार काढले. कोणास लागलें नाहीं, तेव्हां गांधीजींच्या पुण्याईनें गोळ्यांचें पाणी झालें, असा लोकांचा समज झाला. रुळांवरील खडीचे दगड सुटूं लागले. मग खरा गोळीबार झाला व कांहीं माणसें पडलीं. त्यानंतर जमाव आवरेना. पोलीस ठाण्यांत शिरले. बाहेरून रॉकेल ओतून ठाणें पेटविण्यांत आलें. फौजदारांसह २२ जण मेले. कोणी २३ म्हणतात. त्यांत हिंदु होते, मुसलमान होते; चौकीदारही होते. राज्य परकीय होतें, परंतु मेले ते सारे याच मातीचे.

पुढें सत्र-न्यायालयानें १९२३ च्या जानेवारींत १७२ जणांस फांशीची शिक्षा सांगितली. अपिलांत पं. मदनमोहन मालवीय आरोपींच्या बाजूनें उभे राहिले, आणि अलाहाबादच्या हायकोर्टानें फांशी कायम केली ती १९ जणांची. आज चौरीचौऱ्यास दोन स्मारकें आहेत : एक जळालेल्या पोलिसांचें, दुसरें फांशीं गेलेल्यांचें. दुसऱ्यावर फुलें अधिक पडतात, आणि तें स्वाभाविक आहे. स्वातंत्र्याचा पक्ष त्यांचा होता.

तरी पहिल्याकडे पाठ कां फिरवावी? गुप्तेश्वरसिंहांची वागणूक कठोर असेल, धनी परका असेल. पण कोणत्याही माणसास जिवंत जाळण्याइतका तो अपराध नव्हता. हें प्रथम ओळखलें तें स्वतः गांधीजींनीं. बार्डोली येथें त्यांनीं चळवळ तहकूब केली आणि पांच दिवस उपोषण केलें. सहकाऱ्यांचा रोष पत्करला, पण विरुद्ध पक्षाच्या मृतांचें ओझें आपलें मानलें.

महाभारताच्या स्त्रीपर्वांत युद्ध संपल्यावर धर्मराज दोन्ही पक्षांच्या मृतांस अग्नि देववितो. ज्यांस कोणी वाली उरला नाहीं त्यांसही वगळीत नाहीं. त्यानें न्यायान्यायाचा निवाडा विसरला असें नव्हे. निवाडा रणांगणावर झाला होता, उरलें होतें तें कर्तव्य. आपल्या घरींही तर्पणाच्या शेवटीं, ज्यांस पाणी देणारें कोणी नाहीं अशांसाठीं एक ओंजळ सोडण्याचा प्रघात आहे. यंदा पितृपक्षांत ती सोडतांना घरांतील मुलांनीं ‘ही कोणासाठीं?’ असें विचारलें, तर त्यांस चौरीचौऱ्याची ही हकीकत सांगावी; आणि दोन्ही स्मारकांची सांगावी.