बी हातानं जातं, म्हणून विचारा आम्हाला



झाडाचं पान हिरवं दिसतं ते आतल्या बारीक हिरव्या कणांमुळं. शाळेच्या पुस्तकात त्यांना हरितलवक म्हणतात. झाडाचं अन्न उन्हावर तिथंच शिजतं. 1993 साली अमेरिकेत तंबाखूच्या या कणांत बाहेरचं जनुक, म्हणजे दुसऱ्या जिवाचा गुण, पक्कं बसवलं गेलं. पुढं तंबाखूच्या पानात कीड मारणारं प्रथिन झालं, माणसाच्या वाढीचं संप्रेरकही झालं. पानात हे कण ढीगभर, म्हणून मालही भरपूर निघतो.

औषधाला आमचा विरोध नाही. पानातून स्वस्त लस निघाली तर आमच्या लेकरांनाही ती हवी.

शास्त्रज्ञ सांगतात, बहुतेक पिकांत हे कण परागातून जात नाहीत, आईकडूनच बियात उतरतात. म्हणून शेजारच्या शेताला धोका कमी. हे बरंचसं खरं आहे. क्वचितच ते परागातून निसटतात. पण आमच्या पाड्यावर बी वाऱ्यानं फिरत नाही, बायांच्या हातानं फिरतं. लेक सासरी जाताना नागलीचं बी नेते. पेर वाया गेली तर शेजारीण पायलीभर भात देते. आईकडून उतरलेला गुण याच वाटेनं गावोगाव जाईल. ही वाट कुणी हिशेबात धरली?

आणि मालकीचं काय? मागल्या वर्षी आमच्या पाड्यावर पाहुणे आले. नागली-वरईचं बी पिशव्या भरून नेलं. कागद दिला नाही, ग्रामसभेला विचारलं नाही. ते बी आज कुठं आहे, आम्हाला कुणी सांगत नाही. हळदीनं जखम भरते हे आपल्या आज्या जाणत होत्या, तरी 1995 मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिलं गेलं. भारतातल्या शास्त्रज्ञांनी पुरावे दिले, तेव्हा 1997 मध्ये ते रद्द झालं. नागलीसाठी कोण भांडणार?

कायदा आपल्या बाजूनं आहे. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा हक्क दिला. 2006 च्या वनहक्क कायद्यात, कलम 3(1)(के) मध्ये, जैवविविधता आणि तिच्याबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क लिहिला आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या : आमच्या परवानगीशिवाय बी गावाबाहेर नेणार नाही, नव्या बियाण्याची चाचणी गावात होणार नाही. कोणत्या घरात कोणतं वाण आहे, त्याची वही करा. ती वही बायांच्या हातात राहू द्या, कारण बी त्यांनीच राखलंय.

जमिनीचा दावा आपण लावलाच आहे. त्या जमिनीत पडणाऱ्या बियाचाही लावू.