बिल थकले, म्हणून दार सताड उघडायचे?

दुपारच्या वेळी घरात फक्त आजी असतात. बेल वाजते. ‘‘बिल थकलंय, मीटर काढून न्यायचाय,’’ असे म्हणत दोन माणसे थेट आत शिरतात. शेजारच्या दारांतून माना डोकावतात. आजींना इतके ओशाळल्यासारखे होते, की ‘‘तुम्ही कोण? ओळखपत्र दाखवा,’’ एवढेही त्या विचारीत नाहीत. असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. पण बिल थकवणे हा काही गुन्हा नव्हे, ते देणे आहे. ते वसूल करण्याचा हक्क वीज कंपनीला आहे. मात्र त्या हक्काला कायद्याने मर्यादाही घातल्या आहेत.

इंदूर असो, बडोदे असो की ठाणे, वीज कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी मूळ कायदा एकच, विद्युत अधिनियम, २००३. त्याच्या कलम ५६ नुसार, थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. १९१० च्या जुन्या कायद्यात ही मुदत ७ दिवसांची होती. बिलावरची अंतिम तारीख उलटली, एवढ्यावरून लगेच वीज तोडता येत नाही.

बिलच चुकीचे असेल तर? दरमहा सरासरी ९०० रुपये भरणाऱ्या घराला एकाएकी १४,००० रुपयांचे बिल येते. अशा वेळी रागाने बिल फाडून टाकणे महागात पडते. याच कलमात त्यावर वाट दिली आहे. मागितलेली रक्कम, किंवा आधीच्या ६ महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरावी. तसे लेखी कळवून पोच घ्यावी. मग वादाचा निकाल लागेपर्यंत त्या रकमेसाठी वीज तोडता येत नाही.

जुन्या बाकीचीही एक मेख आहे. येणे झाल्यापासून २ वर्षे उलटली आणि मधल्या बिलांत ती बाकी सतत दाखवलेली नसेल, तर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. मात्र कंपनीच्या चुकीने कमी आकारणी झाली असेल, तर ती रक्कम इतर कायदेशीर मार्गांनी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

आता दाराचा प्रश्न. कलम १६३ प्रमाणे कंपनीच्या अधिकृत माणसाला मीटर तपासण्यासाठी, वापर मोजण्यासाठी किंवा वीज तोडण्याचा अधिकार मिळाला असेल तेव्हा कंपनीचे सामान काढून नेण्यासाठी घरात येता येते. पण वेळ वाजवी हवी आणि येण्याचा हेतू घरातल्यांना आधी सांगायला हवा. कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा खास आदेश आणला असेल, तरी २४ तासांची लेखी नोटीस लागतेच. थकबाकीसाठी कुलूप फोडण्याचा अधिकार या कलमात दिलेला नाही.

म्हणून दार लावून घेणे शहाणपणाचे, असे मात्र नव्हे. विनाकारण अडवणूक केल्यास कंपनी २४ तासांची लेखी नोटीस देऊन वीज तोडू शकते आणि अडवणूक चालू असेपर्यंत ती बंद ठेवू शकते. तेव्हा ओळखपत्र पाहावे, नाव लिहून घ्यावे, नोटीस मागावी आणि सभ्यपणे बोलावे.

वीजचोरीचा संशय असेल तर गोष्ट निराळी. कलम १३५ खाली अधिकृत अधिकारी दार फोडूनही झडती घेऊ शकतो. पण तिथेही घरातले माणूस किंवा त्याच्या वतीने कोणी हजर हवे, आणि जप्त केलेल्या वस्तूंची यादी त्याला द्यायला हवी. राहत्या घरात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, घरातला प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय झडती घेता येत नाही. संध्याकाळी घरात एकट्या असणाऱ्या गृहिणीने हा नियम जरूर लक्षात ठेवावा.

प्रीपेड स्मार्ट मीटर आले, की पुष्कळदा घरात पाऊल न टाकताच वीज बंद करता येते. तिथे शिल्लक रकमेवर लक्ष ठेवणे हाच उपाय. ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ अशा संदेशांनी अनेकांना लुबाडले गेले आहे. त्या नंबरवर फोन न करता बिलावर छापलेल्या क्रमांकावर चौकशी करावी. दारात आलेल्या माणसाच्या हाती पावतीशिवाय पैसे देऊ नयेत.

कंपनीने दाद दिली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते. खरोखरच हात आखडला असेल, तर नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी कार्यालयात जाऊन हप्ते पाडून देण्याचा लेखी अर्ज करावा. बिले, पावत्या आणि अर्जांच्या पोची एका पाकिटात घालून ते घरातल्या सर्वांना सापडेल अशा जागी ठेवावे. बेल वाजेल तेव्हा घरात कोण असेल, हे कोणी सांगावे?