भाषा तिकडची, मत इकडचे

रुमानिया हा देश आपल्याकडे बातम्यांत क्वचितच येतो. पण 2024 आणि 2025 साली तिथे जे घडले, ते घरात दोन भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

24 नोव्हेंबर 2024 रोजी तिथे अध्यक्षपदासाठी मतदानाची पहिली फेरी झाली. कोणाच्या खिजगणतीतही नसलेले कालिन जॉर्जेस्कु पहिले आले. प्रचारखर्च शून्य, असे त्यांनी कागदोपत्री दाखवले होते. टिकटॉकवर मात्र त्यांच्या प्रचाराचा पूर आला होता. गुप्तचर खात्याची कागदपत्रे उघड झाल्यावर, दुसऱ्या फेरीला दोन दिवस उरले असताना, घटना न्यायालयाने सारी निवडणूकच रद्द केली.

लोकशाही वाचवण्यासाठी लोकांचीच मते बाद करावीत का? प्रश्न सोपा नाही. प्रचारात लबाडी झाली असेल तर डोळेझाक कशी करणार? पण ज्याने रांगेत उभे राहून मत दिले, त्याला ते हिसकावून घेतल्यासारखेच वाटणार. झालेही तसेच. 4 मे 2025 च्या फेरमतदानात राष्ट्रवादी नेते जॉर्जे सिमिओन यांना सुमारे 41 टक्के मते मिळाली. दुसरे आलेले बुखारेस्टचे महापौर निकुशोर दान 21 टक्क्यांवर होते. दान मूळचे गणितज्ञ. पण हे गणित त्यांनाही जड जाणार, असेच अनेकांना वाटले.

आता आपल्या जवळची गोष्ट. 1920 च्या त्रियानों तहाने ट्रान्सिल्व्हानिया हंगेरीकडून रुमानियाकडे गेला. तिथे आजही सुमारे दहा लाख हंगेरियन भाषिक आहेत. 2010 च्या कायद्याने हंगेरीने त्यांना नागरिकत्वाची दारे उघडली, पुढे मतदानाचा हक्कही दिला. त्यामुळे बुडापेस्टच्या शब्दाला तिथे वजन. त्या वेळी हंगेरीचे पंतप्रधान असलेले व्हिक्टर ओर्बान यांनी दुसऱ्या फेरीआधी सिमिओन यांच्याविषयी सहमतीचा सूर लावला. पण हेच सिमिओन 2019 साली उझ खोऱ्यातल्या लष्करी दफनभूमीच्या वादात हंगेरियनांच्या विरोधात उतरले होते. रुमानियातल्या हंगेरियनांच्या पक्षाचे नेते केलेमेन हुनोर यांनी ओर्बान यांचे म्हणणे मान्य केले नाही, आणि ओर्बान यांना सारवासारव करावी लागली.

18 मे रोजी मतदान सुमारे 53 वरून 65 टक्क्यांवर गेले आणि दान सुमारे 54 टक्के मतांनी निवडून आले. हंगेरियनबहुल हारगिता जिल्ह्यात त्यांना सुमारे 90 टक्के मते पडली. दान हंगेरियन नव्हेत. त्यांचा विजय एकट्या हंगेरियनांमुळे झाला असेही नव्हे. पण त्या लोकांनी पाहिले ते एवढेच : उद्या आपली शाळा, आपली पाटी, आपली दफनभूमी कोणाच्या राज्यात सुखरूप राहील? मायबोली तिकडची खरी, पण नांदायचे इथे, याच शेजाऱ्यांबरोबर.

वाचकहो, न्यायालयाने निवडणूक थांबवली, पण विश्वास परत मिळवणे त्याच्या हाती नव्हते. ते काम मतदारांवर आले. सिमिओन यांना मिळालेली 46 टक्के मतेही त्याच देशाच्या नागरिकांची आहेत. त्यांचा राग का धुमसतो आहे, हे नव्या अध्यक्षांना समजून घ्यावेच लागेल. ते जमले नाही, तर पुढच्या वेळी न्यायालयही पुरे पडणार नाही.