पुसलेल्या रेषांची स्मृती

स्मरणिका काढताना प्रत्येक संस्था आपला चेहरा थोडा स्वच्छ करून घेते. गुणवंतांची छायाचित्रे, निकालांचे आकडे, मान्यवरांचे शुभसंदेश, नव्या इमारतीचे चित्र. हे सारे आवश्यकच आहे. परंतु आपण एवढ्यावरच थांबलो, तर आपल्या हातून स्मरणापेक्षा विस्मरणाचेच कार्य अधिक घडेल, असे आम्हांस वाटते. हा विचार आमच्या मनात दृढ झाला तो दूरदेशीच्या एका कलावंतामुळे.

विल्यम केंट्रिज यांचा जन्म १९५५ साली दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे झाला. ते चित्रकार, नट, नाट्यदिग्दर्शक आणि चित्रपटकार आहेत. मूकाभिनय व नाट्य शिकण्यासाठी ते पॅरिसला गेले होते. त्यांचे वडील नामांकित वकील. शार्पव्हिल येथे २१ मार्च १९६० रोजी वर्णद्वेषी राजवटीच्या पोलिसांनी कृष्णवर्णीय निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. त्यांत, अधिकृत नोंदीनुसार, ६९ माणसे मारली गेली. त्यांच्या कुटुंबीयांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत केंट्रिज यांचे वडील होते. सहा वर्षांच्या विल्यमने वडिलांच्या अभ्यासिकेतील पिवळा खोका चॉकलेटचा समजून उघडला. आत त्या बळींची छायाचित्रे होती.

पुढे त्यांनी चित्रपटाची स्वतःची रीत घडवली. कागदावर कोळशाने चित्र काढायचे, ते कॅमेऱ्याने टिपायचे, मग त्याच चित्रातील काही भाग पुसून बदलायचा आणि पुन्हा टिपायचे. कोळसा कधीच पूर्ण पुसला जात नाही. चालत्या माणसामागे त्याच्या आधीच्या पावलांचा करडा डाग राहतो. १९९४ च्या ‘फेलिक्स इन एक्झाइल’ या चित्रपटात माळावर पडलेली प्रेते वर्तमानपत्रांनी झाकली जातात आणि हळूहळू भूमीत विरतात. सर्वांना मताधिकार देणारी पहिली निवडणूक तेव्हा तोंडावर आली होती. नव्या पहाटेच्या आनंदात हे मृत विसरले जातील काय, हा त्यातील प्रश्न आहे. १९९७ साली सत्यशोधन आयोगाच्या साक्षींवर आधारलेले नाटक त्यांनी दिग्दर्शित केले. त्यात साक्षीदारांच्या जागी लाकडी बाहुल्या बोलतात. परक्याचे दुःख नटाने आपले म्हणून मिरवू नये, हा विवेक त्यामागे आम्हांस दिसतो.

केंट्रिज श्वेतवर्णीय, सुस्थित घरातले. ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांची स्मृती त्यांनी बाहेरून पाहिली आणि ती मर्यादा ओळखूनच काम केले. आपले तसे नाही. आपली स्मृती आपल्याच घरातली आहे. ती आपण लिहिली नाही, तर दुसरा कोणी ती दयेच्या भाषेत लिहील.

काही बांधव विचारतात, जुने दुःख उगाळायचे कशाला? सारे अनित्य आहे, असे धम्मच सांगतो ना? आमचे नम्र उत्तर असे : अनित्य म्हणजे निष्फळ नव्हे. प्रत्येक गोष्ट कारणातून उपजते आणि पुढच्याचे कारण होते. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती सांगितली आहे. पालीतील ‘सति’ आणि ‘स्मृती’ हा मुळात एकच शब्द. ज्या स्मृतीने आपले माणूसपण नाकारले, ती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आली. तिच्या जागी कोणती स्मृती ठेवायची, याचे उत्तर मात्र प्रत्येक पिढीने द्यायचे आहे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. वसतिगृहाच्या इतिहासात पहिल्या आलेल्यांबरोबर मध्येच शाळा सोडून गेलेल्यांचीही नावे असावीत. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर गेले आणि परत आले नाहीत, त्यांची विशेष करून. पहाटे चूल पेटवणाऱ्या मावशींची, पहारा देणाऱ्या काकांची आठवण त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावी. जुनी हजेरीपुस्तके रद्दीत जाऊ नयेत. संस्थेच्या चुका झाल्या असतील, तर त्याही लिहाव्यात. ज्या मुलाला येथे रात्री रडू आले आणि कोणी विचारले नाही, त्याचा अनुभवही या वास्तूचा इतिहासच होय.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, पुढील मेळाव्याला येताना यशाच्या वार्तेसोबत एक पुसट आठवणही आणावी. शेजारच्या खाटेवरचा सोबती आज कोठे आहे, एवढे जरी लिहून दिले, तरी एक रेषा पुन्हा उमटेल. आणि पालकहो, आपणही लिहा. लिहिता येत नसेल तर सांगा, आपलीच लेकरे लिहून घेतील. त्याचसाठी तर आपण त्यांना येथे पाठवले होते.