शिक्षेपुरते सरकारी, पगारापुरते परके

रायपूर हे छत्तीसगढ टपाल परिमंडळाचे मुख्य ठाणे. मुंबई-हावडा लोहमार्गावरून आलेली टपालाची पोती येथे फोडली जातात, त्यांची वर्गवारी होते आणि धमतरी, कांकेर ओलांडून ती बस्तरकडे रवाना होतात. शेवटच्या टप्प्यावर, जगदलपूरच्याही पलीकडच्या एखाद्या पाड्यात ही पिशवी ज्याच्या हाती पडते, तो मनुष्य सरकारी नोकर आहे की नाही? स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांनी हा प्रश्न आजवर सोडवलेला नाही, आणि तो अनिर्णित ठेवण्यातच आपला लाभ आहे हे त्यांनी चांगले ओळखले आहे.

या मनुष्यास पूर्वी एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणजे खात्याबाहेरचा कर्मचारी म्हणत. २००१ साली त्याचे नामकरण ‘ग्रामीण डाक सेवक’ असे झाले. नाव बदलले, दर्जा बदलला नाही. किंबहुना नियमावलीच्या मथळ्याकडे पाहिले तर गाडी मागेच गेली. २००१ च्या नियमांच्या नावात ‘एम्प्लॉयमेंट’, म्हणजे नोकरी, हा शब्द होता. २०११ च्या नियमांत तो वगळून ‘एंगेजमेंट’ हा शब्द घालण्यात आला. नोकरी गेली, केवळ कामास लावणे उरले. सेवकाने दिवसाला कमाल पाच तास काम करावे, तो केंद्राच्या नागरी सेवेबाहेर राहील, सरकारी कर्मचाऱ्यांशी बरोबरीचा दावा त्याने करू नये, आणि स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहाचे पुरेसे साधन त्याच्यापाशी वेगळे असले पाहिजे, असे हे नियम सांगतात. या शेवटच्या अटीवर कार्यकर्त्यांनी थोडे थांबावे. नोकरी देणारा मालकच येथे बजावतो की, या नोकरीवर पोट भरणार नाही याची तजवीज उमेदवाराने आधीच करून यावे!

जे मोबदल्याबाबत, तेच मोबदल्याच्या नावाबाबत. त्यास वेतन म्हणत नाहीत. तो ‘काळाशी निगडित सातत्य भत्ता’ असतो. २०१८ मध्ये ठरलेल्या दरांनुसार चार तासांच्या शाखा डाकपालास दरमहा १२,००० रुपये व पाच तासांच्या डाकपालास १४,५०० रुपये, तर सहायक शाखा डाकपाल व डाक सेवकास चार तासांसाठी १०,००० आणि पाच तासांसाठी १२,००० रुपये अशी सुरुवात होते. त्यावर महागाई भत्ता मिळतो, हे खरे. परंतु केंद्रीय कर्मचाऱ्यासारखे निवृत्तिवेतन नाही. शाखा डाकघरासाठी जागाही डाकपालानेच पाहावयाची. नोकरीच्या गावात राहण्याचे बंधन आहेच.

आणि पाच तास म्हणजे नेमके काय? लेखा कार्यालयातून आलेली पिशवी उघडणे, रोकड व टपाल मोजून घेणे, शिक्के मारणे, वाटप, बचत खात्यांचे व्यवहार, ग्रामीण टपाल विम्याचे हप्ते, दैनिक हिशेब आणि पुन्हा पिशवी बंद करणे. सप्टेंबर २०१८ मध्ये इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाल्यापासून त्यात बोटांचा ठसा घेऊन दारात पैसे देण्याचे कामही आले. छत्तीसगढमध्ये मार्च २०२४ पासून महतारी वंदन योजनेचे दरमहा १,००० रुपये स्त्रियांच्या खात्यांवर थेट जमा होऊ लागले. ज्यांचे खाते टपालाच्या बँकेत आहे आणि ज्यांच्या गावापासून दुसरी बँक दूर आहे, त्यांच्या दृष्टीने सरकार म्हणजे हातात यंत्र घेऊन उभा असलेला हा डाक सेवकच. जंगलपट्टीत नेटवर्क मिळेपर्यंत जो वेळ जातो, तो मात्र पाच तासांच्या हिशेबात कुणी धरत नाही. खाती उघडण्याची व विमा विकण्याची उद्दिष्टे वरून येतात ती निराळीच.

शिक्षेचा प्रश्न आला की हाच ‘बाहेरचा’ मनुष्य एकाएकी आतला होतो. त्यास वर्तणुकीचे नियम आहेत, खातेनिहाय चौकशी आहे, बडतर्फी आहे. चौकशी चालू असता त्यास कामावरून बाजूला ठेवतात आणि त्या काळात भत्त्याचा केवळ काही हिस्सा हाती देतात. नियमित कर्मचाऱ्यास निलंबनात साधारण अर्धे वेतन तरी मिळते. येथे त्याहूनही कमी.

हा दुटप्पीपणा न्यायालयासमोर प्रथमच आलेला नाही. खात्याबाहेरच्या कर्मचाऱ्यांस घटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण नाही, त्यांना कारणे दाखवण्याची संधी न देता काढता येते, असा खात्याचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात तो फेटाळला. ही पदे नियमित सेवेबाहेरची असली तरी ती राज्यसंस्थेखालील नागरी पदेच होत, असा निर्णय झाला. पुढे १९९६ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी टपाल हे सार्वभौम सत्तेचे कार्य ठरवून या कर्मचाऱ्यांना औद्योगिक कायद्याच्या छत्राबाहेर काढले. पुढच्याच वर्षी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय चुकीचा ठरवला. म्हणजे औद्योगिक कायद्याचा आधार मागितला की खाते म्हणणार, हा सार्वभौम सत्तेचा सेवक. वेतन मागितले की तेच खाते म्हणणार, हा आमचा नव्हेच.

समित्यांची कहाणी लांबलचक आहे, परंतु तिच्यातील एक बाब बोलकी आहे. १९९० च्या दशकात न्यायमूर्ती चरणजित तलवार यांची समिती नेमली गेली, तेव्हा प्रथमच हा प्रश्न खात्याबाहेरच्या माणसाने तपासला. त्यापुढील नटराजमूर्ती आणि कमलेश चंद्र हे दोघेही टपाल मंडळावर काम केलेले निवृत्त अधिकारी. तलवार अहवालाच्या अंमलबजावणीची मागणी घेऊन डिसेंबर २००० मध्ये टपाल कर्मचाऱ्यांच्या तिन्ही महासंघांनी मिळून दोन आठवडे संप केला. कमलेश चंद्र समितीने नोव्हेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला आणि तो दीड वर्ष पडून राहिला. २२ मे २०१८ रोजी ग्रामीण डाक सेवकांनी बेमुदत संप पुकारला, तेव्हा कुठे ६ जून रोजी मंत्रिमंडळास तो अहवाल सापडला. अठरा महिन्यांत जे अर्जविनंत्यांनी झाले नाही, ते सोळा दिवसांत झाले. तरीही सर्व शिफारशी मान्य झाल्या नाहीतच, आणि आठ तासांचे काम व निवृत्तिवेतन या मागण्यांसाठी १२ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा संपाचे हत्यार उपसावे लागले.

टपाल कामगारांच्या चळवळीत हे नवे नाही. रायपूर ज्या काळी नागपूरसह मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होते, त्या काळी, ११ जुलै १९४६ रोजी, पोस्टमन व खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप सुरू झाला. त्यांचे अध्यक्ष व्ही. जी. दळवी हे मराठी वकील. २२ जुलैला मुंबईच्या आणि २९ जुलैला कलकत्त्याच्या कामगारांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक संप केला. पत्रे वाटणाऱ्या माणसासाठी गिरण्या आणि ट्राम थांबल्या, हे आजच्या तरुण सभासदांना मुद्दाम सांगावयास हवे.

सत्तांतरानंतर नव्या राज्यकर्त्यांनी हा धडा लक्षात ठेवला, परंतु उलट्या बाजूने. १९६० च्या जुलैमध्ये केंद्रीय कर्मचारी संपावर गेले. दुसऱ्या वेतन आयोगाने देऊ केलेल्या ८० रुपयांच्या किमान वेतनाऐवजी, १९५७ च्या श्रम परिषदेने मान्य केलेल्या गरजेवर आधारित वेतनाची त्यांची मागणी होती. त्यावर सरकारने अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम आणला, अटका केल्या आणि संघटनांची मान्यता काढून घेतली. १९ सप्टेंबर १९६८ च्या एक दिवसाच्या लाक्षणिक संपातही तेच झाले. पठाणकोटला व दिल्लीच्या इंद्रप्रस्थ भवनात रक्त सांडले, आणि संघटना पुन्हा अमान्य झाल्या. केरळातील नंबुद्रिपाद सरकारने वटहुकूम राबवण्यास नकार दिला, हा त्यातला वेगळा अध्याय.

मान्यता हे शस्त्र किती जुने आहे आणि त्याची धार कोठे बोथट होते, हे १९६० च्याच संपातून उभ्या राहिलेल्या एका खटल्याने दाखवून दिले. मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातील संघटनेचे चिटणीस ई. एक्स. जोसेफ यांच्यावर सरकारने दोन आरोप ठेवले होते. त्यांनी संपाच्या तयारीच्या निदर्शनांत भाग घेतला आणि मान्यता काढून घेतलेल्या संघटनेचे सभासदत्व सोडले नाही. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निदर्शनांवरची सरसकट बंदी व अमान्य संघटनेत राहण्यास मनाई करणारा नियम, दोन्ही रद्द ठरवले. संपाचा हक्क मात्र त्या निकालातूनही मिळाला नाही आणि २००३ च्या रंगराजन निकालाने तर तो नैतिकदृष्ट्याही नाकारला. तरीही सरकारने पाठ फिरवली म्हणून संघटना बेकायदा होत नाही, एवढे १९६२ मध्ये पक्के झाले.

२५ एप्रिल २०२३ रोजी टपाल खात्याने टपाल कर्मचाऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ, एन.एफ.पी.ई., व त्याच्याशी संलग्न ‘क’ गटाची संघटना यांची मान्यता काढून घेतली, तेव्हा हा निकाल आठवणे अगत्याचे होते. आरोप काय? शेतकरी आंदोलनास ३० हजार, सिटूला ५० हजार आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या पुस्तकांपोटी ४,९३५ रुपये दिले. १९९३ च्या मान्यताविषयक नियमांत राजकीय निधी बाळगण्यास व पक्षप्रचारास मनाई आहे, तिचा आधार घेतला गेला. पुस्तक विकत घेणे म्हणजे प्रचारास हातभार, असा अर्थ लावणाऱ्यांच्या वाचनाच्या सवयींविषयी न बोललेले बरे. घाव दोन्हीकडून पडला. मान्यता गेली की वाटाघाटीच्या मेजावरील जागा जाते, पगारातून वर्गणी कापून देण्याची सोय जाते. परंतु सभासद जात नाही, जर वर्गणी हातोहात गोळा करण्याची सवय शाखेने मोडू दिली नसेल. अनेक ठिकाणी ती मोडली होती, हे दुखणे मात्र संघटनेचे स्वतःचे.

त्याहून मोठे दुखणे म्हणजे नियमित कर्मचारी आणि डाक सेवक यांच्यातील भिंत. ती बांधली सरकारने, पण तिला लिंपण बरेचदा चळवळीनेच केले. शहरातल्या डाकघरातील कर्मचाऱ्यास बढती, बदली, वेतनश्रेणी हे प्रश्न जवळचे. खेड्यातील सेवकाचा प्रश्न मागणीपत्रात असे, परंतु शेवटच्या पानावर. साहजिकच सेवकांच्या स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या, आणि त्याही एकाहून अधिक. २०१८ मध्ये देशात सुमारे १ लाख २९ हजार शाखा डाकघरे या सेवकांच्या खांद्यावर होती आणि त्यांची संख्या अडीच लाखांहून अधिक आहे. एवढ्या कामगारांना मागणीपत्राच्या तळटीपेत बसवता येत नाही. डिसेंबर २००० चा एकजुटीचा संप अपवाद ठरावा, ही शोचनीय गोष्ट होय.

सातव्या वेतन आयोगानेही डाक सेवक नागरी सेवेबाहेरचे, हे सरकारी पालुपदच पुढे चालवले. वेगळे उपजीविकेचे साधन असण्याची जी अट सरकारने स्वतःच घातली, तीच त्यांना वेतन नाकारण्याचे कारण म्हणून वापरली गेली. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठवा आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाला असून अहवालासाठी त्यास अठरा महिन्यांची मुदत आहे. सेवकांना त्याच्या कक्षेत घ्यावे, ही संघटनांची मागणी आहे. भोसल्यांच्या अमदानीपासून रायपुरात स्थायिक असलेल्या मराठी वस्तीपासून ते नागपूर-मुंबईच्या टपाल कार्यालयांपर्यंत जेथे जेथे पक्षसभासद टपाल खात्यात आहेत, तेथे आयोगापुढे जाणाऱ्या निवेदनाचे पहिले कलम कोणते असावे, हे शाखेच्या बैठकीत नियमित कर्मचारी व सेवक यांनी एकत्र बसून ठरवावयाचे आहे. ही बैठक रविवारी ठेवावी. इतर दिवशी बस्तरच्या डाकपालास पिशवी बंद करून रायपूरला पोहोचणे शक्य नाही.